बत्तीस नंबरचा डबा

“एक भोक ठेव. एकच मागतोय. तुझं काय जातंय त्यात?”

“माझं काय जातंय? वीस महिने खांबावर चढून भोकं बुजवतेय मी, आणि हा म्हणतो एक ठेव!”

“अगं, चाळणी कर म्हणतोय का? एक. फक्त बत्तीस नंबरच्या डब्यापाशी.”

“का?”

“आहे कारण.”

“बाई आहे का?”

“ताई!”

“ताई काय ताई? एक्कावन्नचा घोडा झालास, नीट सांगता येत नाही?”

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “कोण बाई?”

“कुणी नाही गं. तू पड जरा.”

“संध्याकाळी सहाला कशाला पडू? मला ऐकू येतंय सगळं.”

धाकट्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली, आवाज खाली आणला आणि बहिणीच्या तोंडाकडे न बघता तिच्या हातातल्या वायरीकडे बघत म्हणाला, “मुतायला थांबतो मी तिथे.”

आतून ताबडतोब, “हात्तिच्या!”

बहीण-भाऊ एकाच बस डेपोत कामाला. तो एकोणीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर, बावीस वर्षं झाली, एक खरचटणं नाही. ती नेटवर्क टेक्निशियन. हा हुद्दा कागदावरचा. डेपोत कुणी तिला त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघायची, दुसरी कुणी आलीय का म्हणून. तिला सगळे खांबताई म्हणत. आठवड्यातले चार दिवस ती दिव्याच्या खांबाला शिडी लावून वर असायची, आणि खालून जाणाऱ्याला आधी तिच्या चपला दिसायच्या, मग शिव्या ऐकू यायच्या.

खांबावर पांढरे डबे होते. चौसष्ट. बस एखाद्या डब्याच्या टप्प्यात आली की डब्याने तिला एक पत्ता द्यायचा. पत्ता म्हणजे काय, तर आकड्यांची एक ओळ. तो मिळाला की बसला कंट्रोल रूमशी बोलता यायचं, मी इथे आहे, एवढ्या वेगाने चाललेय, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिचा ठिपका हिरवा दिसायचा. पत्ता मिळाला नाही की ठिपका करडा. अशी पत्ता न मिळणारी जागा म्हणजे भोक, आणि करडी बस म्हणजे नसलेली बस. साहेबांच्या लेखी ती ढगात गेली.

ही व्यवस्था एका सल्लागाराने बसवून दिली होती. माणूस हुशार, बूट असे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पण त्याने जन्मभर ऑफिसांतच नेटवर्कं बसवलेली. ऑफिसात माणूस सकाळी टेकतो तो संध्याकाळी उठतो, म्हणून एकदा पत्ता दिला की आठ तास तो त्याचाच. सल्लागाराने तेच आठ तास बसच्या डब्यांत घातले. बस डब्यासमोरून वीस सेकंदांत पसार व्हायची आणि डबा बिचारा तिच्या नावाचा पत्ता आठ तास उराशी धरून बसायचा. गर्दीच्या रस्त्यांवर डब्यांत पत्ते साठ आणि गाड्या दीडशे. सकाळी अकरापर्यंत पत्ते संपले, की निम्मा डेपो पडद्यावरून गायब. साहेबांनी तीन महिने ड्रायव्हरांना झाडलं, तुम्हीच यंत्रं बंद करता म्हणून. सल्लागाराने तीन महिने मान डोलावली.

हे कोडं खांबताईने सोडवलं, तेही वरण ढवळता ढवळता सुचावं इतक्या सहज. कारण डेपोत येण्यापूर्वी नऊ वर्षं ती एका मोठ्या वाचनालयाच्या दारात, पिशव्या ठेवायच्या काउंटरवर होती. पिशवी घ्यायची, पितळी टोकन द्यायचं. पिशवी द्यायची, टोकन घ्यायचं. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ती वायरी आणि नेटवर्क शिकली खरी, पण अक्कल त्या काउंटरचीच. “टोकन परत न घेता माणसं सोडली तर दुपारी टोकनं संपणारच,” ती मीटिंगमध्ये म्हणाली, “याला सल्लागार कशाला लागतो?” सल्लागार तिथेच बसला होता. तिने बघितलं नव्हतं असं ती अजून सांगते.

मग तिने दुसरं भांडं फोडलं. पत्ता मिळायला सात सेकंद लागत होते. ते का, हे तिने साहेबांसमोर उभं राहून, दोन्ही आवाज काढून करून दाखवलं.

“बस विचारते, अहो, कुणी आहे का पत्ता देणारं? डबा म्हणतो, आहे ना, हा चालेल का? बस म्हणते, चालेल की, द्याल का? डबा म्हणतो, घ्या. झालं का? नाही! मग बस गल्लीभर ओरडून विचारते, हा पत्ता आणखी कुणाकडे नाही ना हो? आणि उत्तराची वाट बघते. सात सेकंद, साहेब. तेवढ्यात गाडी ऐंशी मीटर पुढे. ती डब्याच्या टप्प्यातून बाहेर पडली तरी यांचे नमस्कार-चमत्कार चालूच.”

“मग तू काय करणार?”

“बस म्हणणार, आले. डबा म्हणणार, घे. संपलं.”

तिने तेच केलं. प्रत्येक डब्याला पत्त्यांचा वेगळा गठ्ठा दिला, एकाचा आकडा दुसऱ्यात नाही, म्हणजे गल्लीभर ओरडायला नको. पत्त्याची मुदत आठ तासांवरून दोन मिनिटांवर आणली. आणि वाचनालयात गर्दीच्या दिवशी फाटकावरचा पहारेकरी जसा आधीच ओरडायचा, “दहा जण येतायत!”, आणि ती दहा टोकनं मुठीत धरून तयार राहायची, तसं मागच्या डब्याने पुढच्याला कळवायचं, एकोणीस नंबर निघाली, पत्ता काढून ठेव. सात सेकंदांचं काम पाव सेकंदात. त्रेसष्ट डबे झाले होते. उरला होता बत्तीस नंबरचा. तो वळणावर, समोर पत्र्याची उंच भिंत, त्यात नवी पद्धत भरली होती, पण त्याची अँटेना हलवावी लागणार होती. ते मंगळवारी करायचं आणि बुधवारी अकरा वाजता कमिटीसमोर सगळं दाखवायचं. पसंत पडलं तर चौसष्ट डबे तिच्या पद्धतीने चालणार. नाही पडलं तर सल्लागाराचे नवे डबे येणार आणि खांबताई पुन्हा बल्ब बदलणार.

आणि मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, सख्खा भाऊ येऊन टेबलाशी बसला होता.

“पण तिथेच का रे?”

“वखारीची भिंत आहे, मागे मोकळी जागा. आणि गाडी पडद्यावर दिसत नाही. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळणारी जागा सांग दुसरी.”

“शेवटच्या थांब्यावर जा की.”

“काय आहे शेवटच्या थांब्यावर? एक बाक आणि साबणाची जाहिरात. जाहिरातीवर मुतू?”

“पाणी कमी पी.”

“सकाळी सातनंतर थेंब पीत नाही मी! तरी दुपारच्या आत एकदा लागतेच. आणि लागली की लगेच होत नाही. उभा राहतो, भिंतीकडे बघतो, देवाचं नाव घेतो. चार मिनिटं जातात.”

“आणि प्रवासी?”

“त्यांना सांगतो, इंजिन गरम झालंय. एक म्हातारी आहे रोजची, ती म्हणते, जा बाबा, गार करून ये.”

खांबताईला हसू फुटलं. धाकट्याला नाही.

“हसू नकोस. दोन मिनिटांच्या वर विनाकारण गाडी थांबली की लाल शेरा. दोन झालेत माझे. दोन्ही वेळा बत्तीसपर्यंत दम निघाला नाही, अलीकडेच थांबलो, पडद्यावर दिसलो. तिसरा शेरा बसला की स्टिअरिंग काढून घेतात. यार्डात जाऊन गाड्या धुवायच्या. मी, ताई. मी गाड्या धुऊ?”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवतो.”

“साहेबांना सांग सरळ.”

“काय सांगू? साहेब, माझी धार बारीक झालीय?”

“मग मी सांगते.”

“खबरदार! माझ्या बायकोलाही माहीत नाही. तू फक्त बत्तीस नंबर तसाच ठेव. त्रेसष्ट चांगले, एक वाईट. पोरं पण एखाद्या विषयात नापास होतात. करशील ना?”

तिने वायर सोलली, तार पिळली, पुन्हा उलगडली.

“बघते,” ती म्हणाली.

आता, ही बाई “बघते” म्हणाली म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यावर असतं. साहेबांना ती “बघते” म्हणते तेव्हा ते काम होत नाही. पण धाकट्याने लहानपणापासून तिचं “बघते” ऐकलं होतं. सायकल शिकव म्हटलं तेव्हा बघते. बाबांना मार्कांचं सांगू नकोस म्हटलं तेव्हा बघते. प्रत्येक वेळी ते “हो”च निघालं होतं. तो उठला, आईला आत जाऊन “येतो गं” म्हणाला आणि शीळ घालत गेला.

मंगळवारी दहाच्या सुमारास ती बत्तीस नंबरच्या खांबावर होती. ठरवून आली होती की अँटेनाला हात लावायचा नाही, डबा नुसता उघडायचा, धूळ पुसायची आणि उतरायचं. वरून वखारीच्या भिंतीमागचं सगळं दिसत होतं. भिंतीचा खालचा पत्रा जांभळट गंजला होता. गंजाची उंची बघून तिच्या लक्षात आलं की धाकटा इथला एकटाच भक्त नाही.

एकोणीस नंबर आली. थांबली. धाकटा उतरला, सवयीने इकडेतिकडे बघितलं, वर नाही बघितलं; वर कोण बघतं? भिंतीमागे गेला. तिने मान फिरवली. मान फिरवून कुठे बघायचं, तर समोर उघडा डबा. आत हिरवा दिवा लुकलुकत होता आणि लॅपटॉपवर ओळ येत होती: पत्ता मागितला. पत्ता मागितला. पत्ता मागितला. गाडी पंधरा मीटरवर उभी, रडकुंडीला येऊन मागतेय, आणि डबा दुसरीकडे तोंड करून बसलाय.

तिला ते बघवेना. भावाचं नव्हे, डब्याचं.

अँटेना तीन बोटं डावीकडे वळवली. नुसतं बघू म्हणून. ओळ बदलली: आले. घे. पाव सेकंदसुद्धा नाही. तिच्या अंगावर काटा आला. पुन्हा उजवीकडे फिरवायची म्हणून तिने पकड उचलली, धरली, आणि बोल्ट घट्ट करून टाकला. खाली धाकटा पँट सारखी करत गाडीत चढला. म्हातारीने खिडकीतून विचारलं, “झालं का रे गार?”

संध्याकाळी त्याला फोन करायचा होता. आधी आईच्या गोळ्या आणायच्या होत्या, मग कपडे वाळत घालायचे होते, मग तो जेवत असेल, मग राहिलंच. खोटं ती स्वतःशीही नीट बोलू शकत नसे. फोन केला नाही, कारण फोन केला असता तर त्याने परत जाऊन बोल्ट सैल कर म्हटलं असतं.

बुधवारी कंट्रोल रूममध्ये कमिटीची अकरा माणसं, साहेब आणि कोपऱ्यात सल्लागार. साहेब दहापासून दोनदा उठून आत जाऊन आले होते. त्यांच्या केबिनला लागूनच सोय होती. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे. एकही करडा नाही. वीस महिन्यांत पहिल्यांदा असं दिसत होतं. ती प्रत्येक गाडी दाखवत होती, इथून निघाली, तिथे पोचली, मध्ये तुटलं कुठे सांगा. कमिटीतले एक गृहस्थ चक्क पुढे सरकून बसले.

“ही बघा एकोणीस,” साहेब म्हणाले. “वखारीच्या वळणावर ही नेहमी गायब होते.”

ठिपका एकतीस नंबरच्या टप्प्यातून बत्तीसच्या टप्प्यात आला. लोण्यातून सुरी जावी तसा. कुणीतरी “वा” म्हणालं.

आणि ठिपका थांबला.

“ही का थांबली?”

“सिग्नल असेल,” पुढे सरकलेले गृहस्थ म्हणाले.

“तिथे सिग्नल नाही.”

एक मिनिट गेलं. दीड गेलं. खांबताईच्या पायाखाली फरशी गरम झाल्यासारखं वाटू लागलं. दोन मिनिटं झाली तेव्हा कोपऱ्यातून सल्लागाराने गळा साफ केला.

“डबा अडकला असणार. मी म्हटलंच होतं, पत्ते वाटायची इतकी घाई बरी नाही. गाडी केव्हाच पुढे गेली असेल, ठिपका मागे राहिला. नव्या डब्यांत हे होत नाही.”

साहेब वळले. “खांबताई, थांबलं कोण? गाडी की डबा?”

एका शब्दाच्या उत्तराचा प्रश्न होता. ‘डबा’ म्हटलं असतं तर धाकटा सुटला असता. सगळ्यांना पटलं असतं, सल्लागाराला तर फारच. पण हे सगळं तिला नंतर सुचलं. विचारलं त्या क्षणी डोक्यात एकच वाक्य पेटलं: माझा डबा अडकत नाही.

“गाडी,” ती म्हणाली.

आणि मग भावाचा चेहरा आला. उशिरा, धावत, गाडी चुकलेल्या माणसासारखा. तिने घाबरून त्याच्यामागोमाग तोंड उघडलं आणि जे यायचं ते सगळं बाहेर आलं.

“ड्रायव्हर लघवीला उतरलाय, साहेब. माझा भाऊ आहे. त्याला चार मिनिटं लागतात. उगीच नाही थांबला. त्याला होत नाही लवकर, त्रास आहे त्याला.”

अकरा माणसांनी एकदम टेबलाकडे बघितलं. टेबलावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर सात नंबर येऊन एकोणीसच्या मागे उभी राहिली. तिच्यामागे चाळीस नंबर.

साहेब चष्मा पुसून म्हणाले, “हे पण तुझे भाऊच का?”

“नाही साहेब. पण शेवटच्या थांब्यावर मुतारी त्यांनाही नाही.” मग तिला थांबता येईना. “तुम्ही सकाळपासून दोनदा जाऊन आलात. तुम्हाला कुणी शेरा दिला?”

पुढे सरकलेले गृहस्थ फस्सकन हसले, मग खोकला आल्यासारखं केलं. साहेबांचे कान लाल झाले, पण माणूस मुळात वाईट नव्हता. पाच मिनिटं कुजबुज झाली. ठरलं ते असं: वखारीपाशी थांबल्याचे शेरे तूर्त द्यायचे नाहीत. मुतारीचा प्रस्ताव उपसमितीकडे, म्हणजे नातवंडं वापरतील. एकोणीसच्या ड्रायव्हरने आठ दिवसांत डॉक्टरचा दाखला आणावा, तोवर गाडी त्याच्याकडेच. आणि पत्त्यांची पद्धत खांबताईचीच, चौसष्टच्या चौसष्ट. सल्लागाराने बॅग उचलली आणि जाताना तिच्याकडे बघून मान झुकवली. तेवढी रीत त्याला होती.

बातमी डेपोत पोचायला पाव सेकंदही लागला नाही. एकोणीस नंबर फेरी संपवून आत शिरली तेव्हा वॉशिंग यार्डापासून तिकीट खिडकीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सात नंबरवाल्याने धाकट्याला मिठी मारली, “तुझ्यामुळे वाचलो रे, चार मिनिटं!” आणि ते नाव चिकटलं. संध्याकाळपर्यंत चहावालासुद्धा विचारत होता, “चार मिनिटं, कटिंग देऊ की नको? परत लागेल.”

तो तिच्याकडे आला तेव्हा सहा वाजले होते. बसला नाही. ती दुसऱ्या दिवशीच्या कामाची पिशवी भरत होती.

“स्टिअरिंग राहिलं ना हातात?” तिनेच सुरुवात केली. “शेरे थांबले. दाखला आणलास की झालं. मी येते डॉक्टरकडे तुझ्याबरोबर.”

“तू ‘बघते’ म्हणाली होतीस.”

“मी हो म्हटलं नव्हतं.”

“अकरा माणसं, ताई. अकरा माणसांना सांगितलंस मला किती वेळ लागतो. चहावाल्याला माहीत आहे. बायकोला चहावाल्याकडून कळलं.”

“मग काय करायचं होतं मी? सगळे वाचले ना? तिथे रोज दहा जण थांबतात!”

“बाकीच्यांचं मला सांगू नकोस. तो सल्लागार म्हणाला होता ना, डबा अडकला म्हणून? सात नंबरवाल्याला कंट्रोल रूमच्या शिपायाने सांगितलंय, शब्दन् शब्द. साहेबांनी तुला विचारलं, गाडी की डबा. फक्त ‘डबा’ म्हणायचं होतं.”

“तर ते नवे डबे आले असते. त्यात तू दिसलाच असतास.”

“सहा महिन्यांनी! तोवर मी डॉक्टर केला असता, गुपचूप. हे तुला तिथे सुचलं होतं? का आत्ता सुचतंय?”

ती पकड पिशवीत ठेवत होती. ठेवून झाली तरी हात आतच राहिला.

“नाही, एक सांग,” धाकटा म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट मोठ्या माणसाला काही विचारावं तसा हळू होता. “शपथ घालत नाही. भांडत पण नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा आधी कोण आठवलं तुला? मी, की डबा?”

आतल्या खोलीत आई जागी होती. तिची कॉट करकरली आणि थांबली.

खांबताईने पिशवीची चेन लावली. चपला पायात सरकवल्या, डावी उजव्यात, मग पुन्हा नीट. आणि भावाच्या बाजूने, त्याच्या खांद्याला न लागता, दार उघडून जिना उतरून गेली.